लिम्फोमा परत आल्यावर: अण्णांच्या औषध-चाचणीचं दीड वर्ष

घरातल्या कुणाचा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, उपचारांनंतर परत आला असेल आणि डॉक्टर ‘क्लिनिकल ट्रायल’चं, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीचं, नाव काढत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. आम्ही त्या जागी होतो तेव्हा मला मराठीत फारसं काही सापडलं नाही. जे सापडलं ते एक तर कंपन्यांच्या भाषेतलं, नाहीतर ‘गरिबांवर प्रयोग करतात, सावधान’ छापाचं व्हॉट्सअॅपवरचं. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे वडील, अण्णा, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वय ६७. बाग आता दादा बघतो आणि दवाखाना माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

आधीचं थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये अण्णांच्या मानेत गाठ आली. जवळच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे आधी टीबी, हे ठरलेलंच. गाठ बसली नाही, उलट काखेत दुसरी आली. शेवटी नाशिकच्या एका सर्जननी अख्खी गाठ काढून तपासणीला पाठवली तेव्हा कळलं: मँटल सेल लिम्फोमा. सुईने घेतलेल्या नमुन्यावरून लिम्फोमाचा नेमका प्रकार बऱ्याचदा ठरत नाही, त्यामुळे डॉक्टर गाठ काढू या म्हणाले तर घाबरून टाळू नका. या प्रकारात ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून सायक्लिन डी-१ नावाचं प्रथिन भरमसाट तयार होतं आणि पेशी वाढतच राहतात. रिपोर्टवर ‘सायक्लिन डी-१ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ते हेच. बेंडामस्टिन ही केमो आणि सोबत रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडीचं औषध, अशा सहा सायकल झाल्या, दर २८ दिवसांनी एक. माझ्या मेडिक्लेममधून बराचसा खर्च निघाला. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कॅन स्वच्छ आला. अण्णांवर उपचार करणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, की हा आजार परत यायची शक्यता मोठी असते. आम्ही मान डोलावली आणि विसरलो.

डिसेंबर २०२३ मध्ये तो परत आला. जांघेत गाठ, रात्री बनियन भिजेल इतका घाम, पँट सैल. पेट स्कॅन केला, साडेबारा हजार रुपये. यात साखरेसारखं एक द्रव्य टोचतात आणि आजाराच्या जागा उजळून दिसतात. अण्णांना मधुमेह नाही, पण ज्यांना आहे त्यांनी स्कॅनच्या आधी साखरेचं विचारून घ्यावं. साखर जास्त असली तर स्कॅन पुढे ढकलतात आणि उपाशीपोटी केलेली वारी फुकट जाते. आमच्या रांगेत एका काकांचं तसंच झालं. स्कॅननंतर पुन्हा बायोप्सी. आधीचा रिपोर्ट आहे की, असं आम्ही म्हटलं. पण परत आलेला आजार तोच आहे की रूप बदललंय, हे बघावंच लागतं.

जानेवारीत मॅडमनी आम्हाला बसवून पर्याय सांगितले. वेगळी केमो देता येईल, पण या वयात दुसऱ्यांदा शरीर किती साथ देईल सांगता येत नाही. दुसरा मार्ग गोळ्यांचा. बी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, या आजारात त्याच बिघडतात. त्यांच्या आत ‘जग, वाढ’ असा निरोप पोचवणारी प्रथिनांची साखळी असते. तिच्यातलं एक प्रथिन म्हणजे ब्रुटन टायरोसिन कायनेज, बीटीके. या गोळ्या नेमक्या त्याच्यावर जाऊन बसतात आणि निरोप तिथेच अडतो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे सगळ्या बागेवर फवारायचं नाही, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायचा.” मॅडम हसल्या, पण हो म्हणाल्या. या गटातलं पहिलं औषध, इब्रुटिनिब, अमेरिकेत मँटल सेलसाठी २०१३ मध्ये मंजूर झालं. ज्या अभ्यासावर ती मंजुरी मिळाली त्यात १११ रुग्ण होते आणि दोन तृतीयांशांहून थोड्या जास्त जणांच्या गाठी निम्म्यापेक्षा अधिक कमी झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. पुरत्या दिसेनाशा झालेले साधारण पाचातले एक. मग महिन्याच्या गोळ्यांचा आकडा सांगितला आणि अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. ही गोळी आजार आटोक्यात असेपर्यंत रोज घ्यायची असते, सहा महिन्यांचा कोर्स नव्हे.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, याच गटातल्या एका नव्या औषधाची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी नाशिकच्या एका केंद्रात सुरू आहे, विचार करा.

पैशामुळे गेलो का? हो, पैसा हे मोठं कारण होतं. ते लपवण्यात अर्थ नाही, आणि केंद्रातल्या डॉक्टरांनीही आम्हाला ते सरळ विचारलं. उत्तर ऐकून ते जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं: “तुमचे वडील बरे व्हावेत हे मी डॉक्टर म्हणून बघणारच. पण ट्रायलला पुढच्या पेशंटसाठी एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं. दोन्ही एकाच वेळी चालतं, तरी ते एकच समजू नका. औषध फुकट आहे म्हणून ते चांगलंच असणार, असंही समजू नका.” पहिल्या टप्प्यात माणसाला किती डोस सोसतो ते बघतात. दुसऱ्यात आजारावर परिणाम होतो का, आणि त्रास काय होतो. तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना. आमच्या चाचणीत कुणाला काय द्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकण्याचा प्रकार नव्हता, सगळ्यांना तेच औषध. ‘साखरेची गोळी देतील’ ही आईची भीती तिथे संपली.

हो म्हणण्याआधी परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घेतलं. पंचवटी एक्स्प्रेसने गेलो. जाताना स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही हवेत. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत. लॅबकडून तो मिळायला रुग्णाच्या सहीचा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि कोण नेणार त्याचं अधिकारपत्र लागलं. घेतानाची पावती जपा, कारण पुढे तोच ब्लॉक चाचणीच्या मध्यवर्ती लॅबला पाठवावा लागतो आणि तो नक्की कुठे आहे हे शोधत बसायची वेळ येते. परळच्या डॉक्टरांनी निदान तेच सांगितलं आणि चाचणीबद्दल ‘विचार करण्यासारखं आहे’ एवढंच म्हणाले. परतीच्या गाडीत मी सीटीआरआयची वेबसाइट उघडली. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सरकारी नोंदवही. जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. चाचणी कितव्या टप्प्यातली, कोणत्या शहरात कुठली केंद्रं, एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित जपायला चाचणी तपासणारी समिती) मंजुरी मिळाली की नाही, भरती चालू आहे का, सगळं फुकट बघता येतं. आमच्या केंद्राचं नाव तिथे सापडलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं. कुणी तोंडी ट्रायल सांगत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. खरी असेल तर लगेच मिळतो.

फेब्रुवारीत संमतीपत्र आलं. मराठीत, जाडजूड. केंद्रात चाचणीचं कामकाज सांभाळणारी को-ऑर्डिनेटर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, अण्णांना पहिल्या दिवसापासून ‘बाबा’ म्हणणारी. ती म्हणाली, घरी न्या, सगळ्यांनी वाचा, लगेच सही करू नका. आम्ही ओसरीवर बसून वाचलं. दादा मोठ्याने वाचायचा, आई मध्येच थांबवायची. ‘मृत्यू’ हा शब्द आला की ती उठून आत जायची. त्यातल्या दोन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित केल्या. एक, कधीही कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे पुढच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होत नाही. दुसरी, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत हे सगळं आहे. रुग्णाचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ताही फॉर्ममध्ये असतो. वारस कशासाठी, हे अण्णांना न विचारताच कळलं आणि त्यांनी आईचं नाव सांगितलं. अडले ते उत्पन्नापाशी. “यंदाचं सांगू का गेल्या सालचं? गेल्या साली गारपिटीनं काय ठेवलं होतं?” को-ऑर्डिनेटरने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, अंदाजे.” सही झाल्यावर संमतीपत्राची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. मागावी लागली तर मागा.

त्यानंतरचा स्क्रीनिंगचा, म्हणजे रुग्ण चाचणीत बसतो का हे तपासण्याचा, काळ माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट. तुम्ही मनाने हो म्हटलेलं असतं आणि आता चाचणी तुम्हाला घेते की नाही हे ठरायचं असतं. नियम आकड्यांचे. प्लेटलेट इतक्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) इतकं, हृदयाची इको आणि ईसीजी ठीक, स्वतःचं स्वतः करण्याइतपत माणूस हिंडता-फिरता. आणि निदान एक गाठ दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी हवी, म्हणजे औषधाचा परिणाम मोजता येतो. सीटीच्या आदल्या रात्री मी देवापुढे उभी राहिले आणि काय मागावं तेच कळेना. गाठ लहान निघाली तर चाचणी नाही. मोठी निघावी असं बापासाठी कसं मागायचं? गाठ २.८ सेंटीमीटरची निघाली. दादाला फोनवर सांगितलं तर तो “बरं झालं” म्हणाला आणि मग दोघंही गप्प.

अडकलो भलतीकडेच. हिपॅटायटिस बीच्या एका तपासणीत कळलं, की अण्णांना कधीतरी बी प्रकारची कावीळ होऊन गेली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. अशा माणसात ही औषधं चालू असताना दबलेला विषाणू पुन्हा उठू शकतो. मग रक्तात विषाणूचा डीएनए आहे का, ही वेगळी तपासणी. तिचा रिपोर्ट यायला आठवडा गेला. स्क्रीनिंगला २८ दिवसांची मुदत होती आणि कॅलेंडरवरचे दिवस खोडून खोडून मी हैराण. रिपोर्ट निगेटिव्ह आला, सोबत विषाणू दाबून ठेवणारी एन्टेकॅव्हिरची गोळी रोज सुरू करायच्या अटीवर प्रवेश मिळाला. बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणीही याच काळात झाली, कमरेच्या हाडातून. अण्णांच्या मते दुखतं, पण “विंचवापेक्षा कमी”. संमतीनंतरच्या तपासण्यांचा खर्च चाचणीकडून झाला, त्याआधीचा सगळा आमच्या खिशातून. त्यामुळे बायोप्सीसारखी महागडी तपासणी करण्यापूर्वी एकदा विचारा, की ही संमतीनंतर केली तर चालेल का.

एक प्रसंग तपशिलाने सांगते. को-ऑर्डिनेटर म्हणाली होती, बाबा जे जे तोंडात घालतात ते सगळं घेऊन या. आईने खरंच पिशवी भरून दिली. मुलीने टेबलावर एकेक मांडलं. बीपीची गोळी, अॅस्पिरिन, गुडघ्यांची गोळी, गुळवेलीचा काढा, हळद-सुंठीची पूड, आणि नात्यातल्या कुणीतरी दिलेली लेबल नसलेली बाटली. बीपीची गोळी बदलली, कारण ती बीटीकेच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवणाऱ्यांपैकी निघाली. अॅस्पिरिन आणि गुडघ्यांची गोळी बंद, या औषधाने मुळात रक्तस्राव वाढतो म्हणून. गुळवेल बंद, यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत म्हणून. बाटलीत काय आहे हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा ती अण्णांनी स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकली. ग्रेपफ्रूट चालत नाही, आणि त्याच्या जवळचं म्हणून पपनसही नको. आमच्या बांधावर पपनसाचं झाड आहे. त्या वर्षी सगळी फळं शेजाऱ्यांकडे गेली.

मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पहिली गोळी. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरावीक वेळाने रक्त घेतलं. दिवसभराचा डबा, पाणी, चार्जर आणि पांघरूण न्या, एसी फार असतो. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जावं लागलं, नंतर दर २८ दिवसांनी. घरी एक डायरी, गोळी किती वाजता घेतली आणि काय त्रास झाला ते लिहायची. रिकामी बाटली फेकायची नाही, उरलेल्या गोळ्यांसकट परत द्यायची, ते मोजतात. प्रवासखर्चासाठी एसटीचं तिकीट नि रिक्षाचा आकडा जपायचा.

दोन-तीन आठवड्यांत गाठ हाताला लहान लागायला लागली आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशींचा आकडा नऊ हजारांवरून अडतीस हजारांवर गेला. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी काउंटरवर होते, समोर लोक उभे. आजार रक्तात पसरला, असंच मला वाटलं. मी बाहेर जिन्यात जाऊन को-ऑर्डिनेटरला फोन लावला. तिने डॉक्टरांना जोडून दिलं. ते म्हणाले, गाठींमध्ये दडून बसलेल्या पेशी या औषधाने तिथून सुटतात आणि रक्तात येतात, म्हणून आकडा काही काळ फुगतो, नंतर उतरतो. गाठी वाढत असत्या तर काळजी होती. हे माहितीपत्रकात एका ओळीत होतंही, पण त्या ओळीचा अर्थ अडतीस हजार असा होतो हे वाचताना कुठे कळतं? आकडा हळूहळू उतरला, पुरता खाली यायला उन्हाळा संपला.

मेमधल्या पहिल्या सीटीत गाठी साधारण चाळीस टक्क्यांनी कमी. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. पण कागदावर ‘स्टेबल’ लिहिलं होतं, कारण ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणायला निदान पन्नास टक्के लागतात. अण्णा चिडले, “माझी पँट मला परत बसायला लागली, ह्यांचं टक्क्यांचं काय घेऊन बसलाय!” मला मात्र तो काटेकोरपणा आवडला. आमच्या आनंदासाठी त्यांनी आकडा वाकवला नाही. पुढच्या सीटीत घट पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली.

त्रास झाला. हातांवर निळे डाग, कुठे आपटलं ते आठवत नाही असे. पहिले काही आठवडे पातळ शौचाला. बागेत कात्री लागली की रक्त लवकर थांबत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीला अण्णांना हातमोजे घालून फक्त बांधावर बसायची परवानगी. ती त्यांनी किती पाळली ते विचारू नका.

जुलै २०२४ मध्ये रात्री ताप चढला, धाप लागली. मुसळधार पाऊस. दादाने जवळच्या खासगी दवाखान्यात दाखल केलं. न्यूमोनिया. तिथे दिलेल्या अँटिबायोटिक्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन होतं. हे औषध बीटीकेच्या गोळीचं प्रमाण रक्तात खूप वाढवतं. अण्णांच्या पाकिटात चाचणीचं कार्ड होतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर. दादाने ते ड्यूटीवरच्या डॉक्टरांपुढे ठेवलं. ते आधी वैतागले, “आता हे कुठलं आणलं?” पण फोन केला, औषध बदललं, चाचणीची गोळी काही दिवस थांबवली. कोणत्याही कारणाने दाखल व्हावं लागलं तर ती गंभीर घटना धरली जाते आणि केंद्रातल्या डॉक्टरांना चोवीस तासांत वर कळवावं लागतं, त्यामुळे ‘साधा ताप आहे, कशाला सांगायचं’ असं करू नका. बिल एकतीस हजार झालं. ते आधी आम्ही भरलं आणि परत मिळायला दिवाळी उलटली. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मेडिक्लेमकडे जायच्या आधी पॉलिसी नीट वाचा. सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च वगळणारं कलम बहुतेक पॉलिसीत असतं आणि त्यावर बोट ठेवून दावा अडू शकतो.

नातेवाइकांचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. एका आत्याने आईला तोंडावर विचारलं, “उंदरांवर करतात ते भावावर करायला दिलंत?” अण्णाच म्हणाले, “उंदराला सही करता येत नाही, मला येते. नाही पटलं तर उद्या बंद करीन.” ते फुशारकीने बोलले नाहीत. पहिल्या महिन्यात, पोट फार बिघडलं तेव्हा, त्यांनी डॉक्टरांना सोडून देईन म्हणून सांगितलंही होतं. डॉक्टरांनी थांबवलं नाही. फॉर्म कुठे मिळेल ते सांगितलं आणि पोटासाठी औषध दिलं. अण्णा थांबले ते मग स्वतःच्या मर्जीने.

आता चाचणीचा मुख्य काळ संपलाय. पेट स्कॅनमध्ये पोटातली एक गाठ थोडी उजळते, बाकी शांत आहे. नव्या संमतीपत्रावर अण्णांनी सही केलीय, औषध चाचणीनंतरही चालूच आहे. चाचणी संपल्यावर औषध कोण देणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. दुसरा उपचार उपलब्ध नसेल आणि औषधाचा फायदा होतोय असं केंद्रातल्या डॉक्टरांचं मत असेल, तर रुग्णाच्या लेखी संमतीने ते मोफत चालू ठेवण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. एथिक्स कमिटीची मान्यता लागते, कागद फिरतात, वेळ जातो. आमच्याकडे शेवटची बाटली संपायला आठवडा उरला असताना मंजुरी आली.

सध्याची अडचण दाढेची आहे. दाढ काढायची तर आधी आणि नंतर काही दिवस गोळी थांबवावी लागते, नाहीतर रक्त थांबत नाही. दंतवैद्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, किती दिवस थांबवायची ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. काल चिठ्ठी मिळाली, पुढच्या सोमवारी दाढ काढणार आहेत.